खत आणि खातेरे

कुंडीत झाडे लावणाऱ्याला रोज लागणारे दोन शब्द कचेरीच्या कागदांवरही भेटतात. गुलाबाचे कलम आणि कायद्याचे कलम. शेणखत आणि खरेदीखत. वरवर दोन्ही जोड्या सारख्याच वाटतात, पण एक जोडी सख्खी आहे आणि दुसरीत नुसता नावसारखेपणा आहे.

कलमाचे कूळ सरळ आहे. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू. तो अरबीत ‘कलम’ झाला आणि फारसीमार्गे मराठीत आला. बोरूचे टोक तिरके छाटतात. गुलाबाची पेन्सिलीएवढी जाड फांदीही डोळ्याखाली तशीच तिरकी छाटून मातीत खोचतात. हाताची करणी एक, म्हणून शब्दही एक.

खताचे तसे नाही. खरेदीखतातले खत म्हणजे अरबी ‘खत्त’: रेघ, लिखाण. शेणखताचा त्याच्याशी काही संबंध नाही. मग ते आले कुठून?

पहिला दावा ‘खाद्य’चा. खत म्हणजे झाडाचे खाणे, आणि हिंदीत तर ‘खाद’च म्हणतात. दावा गोड आहे, पण मराठीच्या वळणात बसत नाही. संस्कृतातल्या ‘द्य’चा मराठीत ‘ज’ होतो: अद्यचे आज, विद्युतची वीज. खाद्यचेही झालेच आहे, आणि ते मिठाईच्या दुकानात ‘खाजे’ म्हणून मिळते.

दुसरा दावा ‘खात’चा, म्हणजे खणलेल्या खड्ड्याचा. अर्थ चपखल बसतो, कारण गावाकडे शेण, पालापाचोळा खड्ड्यातच टाकत. अडचण उच्चाराची. दोन स्वरांमधला एकटा ‘त’ मराठीपर्यंत टिकत नाही. घातचा घाव होतो. जोडाक्षरातला ‘त’ मात्र टिकतो: रात्रची रात, सूत्रचे सूत, क्षेत्राचे शेत. तेव्हा शोधायला हवे ते ‘खात’चे जोडाक्षरी भावंड, आणि ते आहे ‘खात्र’. खणण्याचे हत्यार आणि चोरांनी भिंतीला पाडलेले भगदाड, दोन्हींना संस्कृतात हाच शब्द आहे. गुजरातीत खताला ‘खातर’ म्हणतात. तिथे ‘र’ अजून शाबूत आहे.

मराठीतला साक्षीदार मात्र खताच्या पोत्यावर नाही, शिवीगाळीत आहे. ‘घराचे नुसते खातेरे करून ठेवलेय!’ खातेरे म्हणजे उकिरडा, आणि त्यात लांब ‘खा’ही आहे, ‘र’ही आहे. ‘खत’ आखूड झाले असावे ते शेणखत, सोनखत या जोडशब्दांत मागे पडून. कचेरीतल्या खताचा उच्चार कानात बसलेला असल्याने ते तसेच राहिले असेल. एवढे जुळल्यावर ‘खाद्य’ला जागा उरत नाही.

खड्ड्याची युक्ती पुढे शास्त्रात गेली. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदुरात 1924 ते 1931 या काळात शेतकऱ्यांच्या आणि चिनी रीतींवरून थर रचून, खालीवर करून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली.

मुंबईतल्या मानखुर्दला तर खातेरे दाराशीच आहे. शेजारच्या देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा पडत आला. पलीकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘निसर्गऋण’ संयंत्र घडवले. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून ते गॅसही देते आणि खतही. पण सातव्या मजल्यावरच्या घरात खड्डा कुठून आणणार? तिथे रंगाची रिकामी वीस लिटरची बादली त्याचे काम करते. बुडाला आणि बाजूंना भोके पाडायची, खाली ताटली ठेवायची, तळाला नारळाच्या शेंड्या घालायच्या. मग भाज्यांची साले, चहाचा धुतलेला चोथा आणि त्यावर दुप्पट सुका पाला. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडले की कुजण्याला वेग येतो. चार-पाच दिवसांनी काठीने खालीवर करायचे. कुबट वास आला तर ओल जास्त झाली, सुका पाला वाढवावा. मुंग्या लागल्या तर कोरडे पडले, पाणी शिंपडावे. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती कामालाच लागलेली असते. पावसाळ्यात बादली छज्ज्याखाली सरकवावी, नाहीतर आतला सगळा चिखल होतो.

दोन-तीन महिन्यांत साल ओळखू येईनासे होते आणि बादलीला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. मग ते चाळून, महिन्याला मूठ-दोन मूठ, बुंध्यापासून चार बोटे लांब पसरून मातीत हलके मिसळतात. चाळणीत उरलेले जाडेभरडे तुकडे पुढच्या बादलीच्या तळाला जातात.