खिळेजडित चिलखताची वंशावळ

एखादी कल्पित कृती इतिहासाच्या अभ्यासकापुढे आली म्हणजे तिच्यातील चुका मोजणे हा त्याचा पहिला उद्योग असतो. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य खेळांच्या वाट्यालाही हीच परीक्षा आली आहे. तलवारी अवास्तव अवजड, चिलखतांच्या खांद्यांवर निरर्थक शिंगे, किल्ल्यात शेकडो पायऱ्या पण मुदपाकखाना नाही, असे हे आक्षेप आहेत. ते बहुतेक खरे आहेत. परंतु विचार म्हणून ते फार लवकर संपतात. ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि मंत्राने अग्नी पेटतो तेथे वास्तव कशाला शोधावयाचे, एवढा प्रतिप्रश्न त्यांना निरुत्तर करण्यास पुरेसा होतो. खरा विचारणीय भाग निराळा आहे. या खेळांत जे साधे, संयत आणि म्हणूनच विश्वसनीय वाटते त्यातील काही गोष्टी मध्ययुगात कधीच नव्हत्या. आणि त्या खेळकर्त्यांनीही निर्माण केलेल्या नाहीत. त्या विद्वानांनी निर्माण केल्या आहेत.

'स्कायरिम' (२०११) हा खेळ उदाहरणादाखल घ्यावा. त्यात खेळाडूला आरंभीच्या दरिद्री अवस्थेत जी हलकी चिलखते लाभतात, त्यांत कातड्यावर लोखंडी खिळे बसविलेले एक आहे; लोखंडी चिलखतांत 'पट्ट्यांचे' म्हणून एक प्रकार आहे. 'बाल्डर्स गेट' (१९९८) मध्ये हेच खिळेजडित चामडे आढळते, आणि त्या मालिकेच्या २०२३ मधील तिसऱ्या भागातही ते आहे. तेथे त्याच्या जोडीला 'रिंग मेल' या नावाचे, चामड्यावर सुट्या कड्या शिवल्याची कल्पना असलेले चिलखतही येते. यांना शिंगे नाहीत, पंख नाहीत. पाहणारा त्यांवर सहज विश्वास ठेवतो. परंतु मध्ययुगीन युरोपातील शिपाई नुसते खिळे ठोकलेले चामडे पांघरून रणात उतरत असे, यास भरवशाचा पुरावा नाही. खिळ्यांनी चामडे बळकट होत नाही. शस्त्राचे पाते दोन खिळ्यांच्या मधून खुशाल आत शिरते.

या चिलखतांचा मागोवा घेणे फारसे कठीण नाही. 'बाल्डर्स गेट'चे नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळावर आधारलेले आहेत. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याच्या तीन वर्षे आधी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढाया टेबलावर लढविण्याचे एक नियमपुस्तक काढले होते. त्याचे नावच 'चेनमेल' असे होते. 'मेल' म्हणजेच एकमेकींत गुंफलेल्या लोखंडी कड्यांची जाळी. तेव्हा मागे 'चेन' हा शब्द जोडण्याचे कारण नाही, आणि मध्ययुगीन लेखकांना ते भासलेही नव्हते. १९७४ मध्ये चामड्याचे, कड्यांचे आणि पत्र्याचे अशी तीनच चिलखते होती. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये मात्र टाचलेल्या कापडाचे, साध्या चामड्याचे, खिळेजडित, सुट्या कड्यांचे, खवल्यांचे, गुंफलेल्या कड्यांचे, कांबींचे, पट्ट्यांचे आणि पत्र्याचे अशी लांबलचक उतरंड दिसते, आणि प्रत्येकीस संरक्षणाचा अंक दिलेला आहे. चिलखत नसेल तर १०, पत्र्याचे असेल तर ३. अंक जितका लहान तितका बचाव मोठा.

यांपैकी सुट्या कड्यांचे व पट्ट्यांचे ही दोन नावे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पुराणवस्तुसंशोधकांच्या ग्रंथांतून आलेली आहेत, आणि त्यांच्या मुळाशी सॅम्युअल रश मेरिक हा गृहस्थ आहे. व्यवसायाने वकील असलेल्या मेरिकने १८२४ साली प्राचीन चिलखतांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्यापुढे प्रत्यक्ष वस्तू थोड्या आणि चित्रे पुष्कळ होती. अकराव्या शतकातील बायो येथील भरतकामाच्या पटावर योद्ध्यांचे अंगरखे कोठे वर्तुळांनी, कोठे तिरकस जाळीने, तर कोठे अन्य खुणांनी दाखविले आहेत. सुईदोऱ्याने हजारो कड्या काढणे अशक्य, म्हणून भरतकाम करणाऱ्यांनी योजलेले हे निरनिराळे संकेत होत. मेरिकने प्रत्येक संकेत हा चिलखताचा स्वतंत्र प्रकार मानला आणि त्यास स्वतंत्र नाव दिले. पुढील पिढ्यांनी ती नावे शिरोधार्य मानली. शंका एकोणिसाव्या शतकातच व्यक्त होऊ लागल्या होत्या, आणि १९५३ पर्यंत ई. मार्टिन बर्जेस याने कड्यांच्या अंगरख्याची प्रत्यक्ष बांधणी तपासून ते करण्याची रीत मांडली होती. तथापि नावे तोवर सामान्य वाचकांच्या पुस्तकांत स्थिर झाली होती.

मेरिकला मूर्ख ठरविणे अन्यायाचे होईल. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागारात त्याच्यापूर्वी कोणतेही चिलखत कोणत्याही राजाच्या नावावर खपविले जात असे. तेथील मांडणी कालक्रमाला धरून लावण्याचे काम त्यानेच केले. त्याचा प्रमाद पद्धतीचा होता : चित्रातील खूण आणि चित्रित वस्तू यांतील अंतर त्याने ओळखले नाही. लेण्यांतील वा लघुचित्रांतील वेशभूषेवरून जीवनाची पुनर्रचना करणाऱ्या अभ्यासकाला हा धोका परका नाही.

खिळेजडित चामड्याचा भ्रम कसा संभवतो हे स्वीडनमधील गॉटलंड बेटावरील उत्खननाने दाखवून दिले. १३६१ साली डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या सैन्याने व्हिस्बी नगराच्या तटाबाहेर स्थानिक शेतकऱ्यांची कत्तल केली. दिवस उन्हाळ्याचे होते आणि प्रेतांची संख्या मोठी होती. म्हणून पुष्कळांना अंगावरील चिलखतांसह सामुदायिक खड्ड्यांत पुरण्यात आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे खड्डे उकरले गेले आणि बेंग्ट थोर्डेमान याने त्यातील चिलखतांचा सविस्तर अभ्यास १९३९–४० मध्ये प्रसिद्ध केला. ती चिलखते म्हणजे कापडाच्या वा चामड्याच्या अंगरख्याला आतून जोडलेले लोखंडी पत्रे होत. बाहेरून दिसतात ती केवळ रिव्हेटांची डोकी. थडग्यावरील शिल्पात किंवा हस्तलिखितातील चित्रात असा अंगरखा पाहणाऱ्याला ठिपके दिसावेत आणि पत्रे दिसू नयेत, यात नवल नाही. खेळातील चिलखताने खिळे तेवढे ठेवले आणि ज्यासाठी खिळे होते ते पोलाद काढून टाकले.

चूक उघडकीस आल्यानंतरही ती टिकली याचे कारण खेळाच्या रचनेत शोधले पाहिजे. खेळाडूने दुर्बल अवस्थेतून प्रबल अवस्थेकडे जावे, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्या अंगावर काही नवे चढावे, ही या खेळांची मूळ योजना आहे. शिडीला पायऱ्या हव्यात आणि पायऱ्यांना नावे हवीत. वास्तवात मात्र जाड टाचलेला डगला, त्यावर कड्यांचा अंगरखा आणि त्यावर पत्रे हे एकमेकांचे पर्याय नसून बहुधा एकावर एक चढवावयाचे थर होते. शिडी होती ती निराळ्या प्रकारची. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११८१ मध्ये काढलेल्या शस्त्रविषयक आज्ञेत सोळा मार्कांची मालमत्ता असलेल्या स्वतंत्र माणसाने कड्यांचे चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला बाळगावा. दहा मार्कवाल्याने आखूड कड्यांचा अंगरखा, लोखंडी टोपी व भाला. आणि बाकीच्या स्वतंत्र प्रजेने टाचलेला डगला, टोपी आणि भाला ठेवावा, असे फर्मावले आहे. ही शिडी पराक्रमाची नसून ऐपतीची आहे. 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' (२०१८) या १४०३ मधील बोहेमियावर रचलेल्या खेळात थरांची ही पद्धत पाळलेली आहे, अर्थात त्या खेळात ड्रॅगनही नाहीत.

वजनाविषयीचा गैरसमज याहून जुना नसला तरी अधिक हट्टी आहे. चिलखतधारी सरदाराला घोड्यावर चढविण्यास यारी लागत असे ही कल्पना आधुनिक आहे. बूसिको या फ्रेंच सेनानीच्या पंधराव्या शतकातील चरित्रात तो शिरस्त्राणाखेरीज बाकी चिलखत घालून कोलांटी मारीत असे, असे म्हटले आहे. उलट चिलखताचे ओझे काहीच नव्हते असेही नाही : २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३० ते ५० किलोग्रॅमचे चिलखत घालून चालण्यास सुमारे दुप्पट शक्ती खर्ची पडते असे आढळले. त्याच वर्षीच्या 'डार्क सोल्स' या जपानी खेळात अंगावरील भार ठराविक मर्यादेपलीकडे गेला की खेळाडूची चपळता टप्प्याटप्प्याने घटते. हे बरेचसे समंजस आहे.

मेरिककडून चिलखतांप्रमाणे किल्ल्यांकडेही वाट जाते. त्याला वेल्सच्या सीमेजवळचा गुडरिच येथील खरा मध्ययुगीन किल्ला विकत घ्यावयाचा होता. तो न मिळाल्याने त्याने १८२८ पासून समोरच आपल्या संग्रहासाठी एक नवा 'मध्ययुगीन' प्रासाद बांधविला. हेच त्या शतकात अधिक मोठ्या प्रमाणावर फ्रान्समध्ये घडले. व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने १८५३ पासून कार्कासोनच्या तटबंदीचा जीर्णोद्धार करताना बुरुजांवर पाटीच्या दगडाची निमुळती छपरे चढविली. ती उत्तरेकडील रीत असून दक्षिणेत शोभत नाही, अशी टीका तेव्हापासून होत आहे. १८५७ मध्ये त्याने पिएरफों येथील उद्ध्वस्त किल्ला तिसऱ्या नेपोलियनसाठी हाती घेतला. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६७ साली पिएरफों पाहिले, आणि दोन वर्षांनी नॉइश्वानस्टाइनचा पाया घातला गेला. त्याची प्राथमिक चित्रे क्रिस्टियान यांक या रंगभूमीवरील पडदे रंगविणाऱ्या चित्रकाराने काढली होती. खेळांतील टोकदार, गगनचुंबी, ओसाड किल्ला या कुळातला आहे. त्याचे पूर्वज शोधण्यास तेराव्या शतकापर्यंत जाण्याची गरज पडत नाही.

तेराव्या शतकाचा किल्ला रंगानेसुद्धा निराळा दिसत असे. उघडा करडा दगड हे आज प्राचीनतेचे लक्षण मानले जाते. परंतु तिसऱ्या हेन्रीने १२४० मध्ये लंडनच्या टॉवरमधील मुख्य बुरुजाला चुन्याची सफेदी करविली, आणि तेव्हापासूनच तो 'श्वेत' झाला. मनुष्यबळाचीही अशीच गोष्ट आहे. वेल्समधील कॉनवी किल्ल्याला पहिल्या एडवर्डने सुमारे १५,००० पौंड खर्च केले. १२८४ मध्ये त्याची शिबंदी ३० माणसांची ठरली. त्यांत १५ तिरंदाज, आणि शिवाय एक धर्मोपदेशक, एक सुतार, एक गवंडी व एक लोहार होता. खेळांत तटावर पहारेकऱ्यांची गर्दी असते, पण लोहार सोडला तर गवंडी क्वचितच भेटतो. मराठी वाचकाला आणखी एक उणीव विशेष जाणवेल. किल्ल्यासाठी जागा निवडताना आधी पाण्याची खात्री करून घ्यावी, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितले आहे. खेळांतील दुर्गांवर टाके वा विहीर शोधू गेल्यास बहुधा निराशा होते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या 'राजी' या खेळात पाश्चात्त्य दुर्ग टाळून भारतीय वास्तुकलेचा आधार घेतला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. परंतु तेथेही कल्पना रमली ती राजस्थानच्या महालांत; सह्याद्रीच्या रांगड्या गडांत नव्हे.

चिलखत व किल्ला यांत असा उसना अधिकार दिसत असताना, कल्पित जगाच्या पूर्वेतिहासाविषयी मात्र हे खेळ अनपेक्षितपणे सावध आहेत. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेत ('स्कायरिम' हा तिचा पाचवा खेळ) खेळाडूला वाचावयास शेकडो लहान पुस्तके मिळतात. त्यांत पक्षपाती बखरकार आहेत, राजस्तुती आहे, आणि एकाच प्रसंगाचे परस्परांशी न जुळणारे वृत्तान्त आहेत. कोणता खरा हे खेळ सांगत नाही. १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक वेगवेगळे शेवट होते. २००२ च्या 'मोरोविंड'मध्ये ते सर्व एकाच वेळी घडले, असा तोडगा काढण्यात आला आणि त्यावर त्या जगातील पंडितांना वाद घालण्यास मोकळीक ठेवण्यात आली. 'डार्क सोल्स'मध्ये तर सलग इतिहास कोठेच नाही. अंगठी, तलवार, शिरस्त्राण यांच्या वर्णनातील दोन-चार ओळींवरून तो जुळवावा लागतो. त्याचा दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी याने असे सांगितले आहे की, बालपणी आवाक्याबाहेरची इंग्रजी अद्भुतकथांची पुस्तके वाचताना न समजलेल्या भागांच्या जागा तो स्वतःच्या कल्पनेने भरून काढीत असे.

बायोच्या पटापुढे मेरिकनेही याहून फारसे वेगळे केले नव्हते. फरक इतकाच की, मियाझाकीचा खेळाडू आपण तर्क करीत आहोत हे जाणतो, आणि दुसऱ्याचा तर्क वेगळा निघाल्यास पुरावा मागतो. 'स्कायरिम'चा खेळाडू पुस्तकातील राजवंशावर शंका घेतो. अंगातले खिळेजडित चामडे मात्र निःशंक मनाने चढवितो.