ब्रिटनमधील मुलांची पोटगी : सरकारी आकारणीतील चुका आणि त्यांची किंमत

आईवडील विभक्त झाले तरी मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी दोघांवरही राहते, हे तत्त्व जवळपास सर्व देशांच्या कायद्यांना मान्य आहे. प्रश्न उरतो तो रकमेचा. मुलापासून वेगळ्या राहणाऱ्या पालकाने किती पैसे द्यावेत आणि तो आकडा कोणी ठरवावा? ब्रिटनने १९९३ मध्ये हे काम न्यायालयांकडून काढून एका सरकारी यंत्रणेकडे सोपवले. त्यानंतरच्या तीन दशकांत आकारणीतील चुका, रखडलेले अर्ज आणि वाढत गेलेली थकबाकी यांमुळे तेथे यंत्रणा बदलावी लागली, सूत्र दोनदा नव्याने लिहावे लागले आणि अखेर जुन्या थकबाकीच्या मोठ्या भागावर पाणी सोडावे लागले.

पार्श्वभूमी

१९९० पूर्वी ब्रिटनमध्ये मुलांची पोटगी प्रामुख्याने न्यायालये ठरवत. रकमा लहान असत, एकसारख्या दोन प्रकरणांत निकाल वेगवेगळे लागत आणि ठरलेले पैसे नियमित मिळतीलच याची खात्री नसे. दरम्यान एकल पालकांची संख्या वाढत होती आणि त्यांच्या सरकारी साहाय्याचा भार तिजोरीवर पडत होता. वडिलांना जबाबदारी टाळता येऊ नये, अशी भूमिका तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९९० मध्ये जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि १९९१ मध्ये चाइल्ड सपोर्ट कायदा संमत झाला. एप्रिल १९९३ मध्ये चाइल्ड सपोर्ट एजन्सीचे काम सुरू झाले.

न्यायाधीशाच्या विवेकाऐवजी सर्वांना सारखे लागू होणारे गणिती सूत्र वापरायचे, हा या सुधारणेचा गाभा होता. सूत्र असल्याने निकाल जलद आणि समान लागेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सूत्र हीच पहिली अडचण ठरली.

सूत्राचा गुंता

पहिल्या सूत्रानुसार आधी मुलाची आणि त्याला सांभाळणाऱ्या पालकाची गरज सरकारी साहाय्याच्या दरांवरून काढली जाई. मग पैसे देणाऱ्या पालकाच्या निव्वळ उत्पन्नातून घरभाडे किंवा गृहकर्जासारखे ठरावीक खर्च वजा होत आणि उरलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम गरज भागेपर्यंत पोटगी म्हणून धरली जाई. शेवटी त्या पालकाचे स्वतःचे उत्पन्न एका मर्यादेखाली जाऊ नये, यासाठी आणखी एक हिशेब करावा लागे. एका आकारणीसाठी शंभराच्या आसपास तपशील लागत. त्यांतला एखादा चुकला, उशिरा आला किंवा मधल्या काळात बदलला, तरी उत्तर चुकत असे.

घटस्फोटाच्या वेळी घराचा हक्क सोडून देणाऱ्या वडिलांना त्या व्यवहाराची कोणतीही सवलत या सूत्रात नव्हती. कामावर जाण्यायेण्याचा खर्चही धरला जात नव्हता. तीव्र निदर्शनांनंतर एप्रिल १९९५ पासून या दोन्ही बाबींना मर्यादित सवलत मिळाली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक पोटगी आकारू नये, असे बंधन आले. तत्पूर्वी सप्टेंबर १९९४ मध्ये एजन्सीच्या पहिल्या मुख्याधिकारी रॉस हेपलव्हाइट यांनी पद सोडले होते.

जानेवारी १९९५ मध्ये संसदीय लोकपालांनी एजन्सीविरुद्धच्या तक्रारींवर विशेष अहवाल सादर केला. भलत्याच व्यक्तीला मुलाचा पिता समजून पाठवलेली पत्रे, चुकीची माहिती आणि दीर्घ विलंब असे प्रकार त्यात नमूद होते.

दोन्ही घरांना फटका

आकारणीतील चूक कागदावर एका आकड्याची असते. घरात तिचे परिणाम निराळे दिसतात. रक्कम जास्त आकारली गेली की पैसे देणाऱ्या पालकाच्या वेतनातून थेट कपात सुरू होऊ शकते. निव्वळ वेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंत अशी कपात करण्याची तरतूद आहे. रक्कम कमी आकारली गेली की मुलाला सांभाळणाऱ्या पालकाला, बहुतेक प्रकरणांत आईला, तेवढ्यातच महिना काढावा लागतो. मागाहून चूक दुरुस्त झाली, तर फरकाची रक्कम थकबाकी म्हणून एकदम समोरच्याच्या माथी येते आणि आधीच ताणलेले संबंध आणखी बिघडतात.

आरंभीच्या वर्षांत ‘अंतरिम आकारणी’ हा एक प्रकार होता. वडिलांनी माहिती दिली नाही, तर मुलाच्या गरजेच्या दीडपट रक्कम आकारली जाई. माहिती देण्यास भाग पाडणे हा त्यामागील हेतू होता. परंतु हा आकडा उत्पन्नावर आधारलेला नसल्याने तो वसूल होण्याची शक्यता मुळातच कमी होती. एजन्सीच्या वह्यांत साठलेल्या थकबाकीचा मोठा भाग अशा आकारण्यांतून निर्माण झालेला होता.

गरीब एकल मातांची अडचण वेगळी होती. सरकारी साहाय्य घेणाऱ्या मातेला एजन्सीशी सहकार्य करणे सक्तीचे होते. सबळ कारणाशिवाय नकार दिल्यास तिचे साहाय्य कमी होई. मात्र वडिलांकडून पोटगीचा जो पौंड येई, तो तिच्या साहाय्यातून पूर्णपणे वजा होत असे. मुलाच्या हाती काहीच वाढीव पडत नव्हते. २००३ च्या योजनेत आठवड्याला १० पौंड तिच्याकडे राहू देण्यात आले, २००८ मध्ये ही सूट २० पौंड झाली आणि एप्रिल २०१० पासून अशी वजावट पूर्णपणे थांबली.

सोपे सूत्र, अडलेली संगणकप्रणाली

सूत्र सोपे केल्यास चुका कमी होतील, या विचाराने २००० मध्ये नवा कायदा झाला. ३ मार्च २००३ पासूनच्या नव्या अर्जांना एका मुलासाठी निव्वळ उत्पन्नाच्या १५ टक्के, दोन मुलांसाठी २० टक्के आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी २५ टक्के असे दर लागू झाले. परंतु हा हिशेब ज्या नव्या संगणकप्रणालीवर व्हायचा होता, ती प्रणालीच वारंवार अडू लागली. तिच्यासाठी झालेला करार ४५.६ कोटी पौंडांचा होता.

जुनी प्रकरणे कालांतराने नव्या दरांत आणण्याचे ठरले होते; ते कधीच झाले नाही. परिणामी एकाच कार्यालयात दोन सूत्रे आणि दोन प्रणाली चालू राहिल्या. संगणकात अडकलेली हजारो प्रकरणे कर्मचाऱ्यांना हाताने हिशेब करून चालवावी लागली. शेजारी राहणाऱ्या, सारखेच उत्पन्न असलेल्या दोन वडिलांची पोटगी केवळ अर्जाच्या तारखेमुळे वेगळी असे.

नोव्हेंबर २००५ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी एजन्सीची रचनाच या कामाला योग्य नसल्याची कबुली संसदेत दिली. जून २००६ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालाने हिशेब मांडला. मार्च २००३ पासून आलेल्या अर्जांपैकी सुमारे चतुर्थांश प्रलंबित होते, एकूण थकबाकी सुमारे ३५० कोटी पौंडांवर गेली होती आणि मुलांपर्यंत १ पौंड पोहोचवण्यासाठी सुमारे ७० पेन्स खर्च होत होते. जुलै २००६ मध्ये सर डेव्हिड हेनशॉ यांनी एजन्सी बंद करून नवी व्यवस्था आणण्याची शिफारस केली.

न्यायालयाचे दार

एजन्सी चुकली किंवा तिने वसुलीत दिरंगाई केली, तर आईने स्वतः न्यायालयात जाऊन पैसे वसूल करावेत काय? हा प्रश्न २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. १९९१ च्या कायद्याने वसुलीचा अधिकार केवळ सरकारी यंत्रणेकडे दिला असून पालकाला तो स्वतंत्रपणे बजावता येत नाही, असा निर्णय बहुमताने झाला. बॅरोनेस हेल यांनी भिन्नमत नोंदवले. चुकीची झळ ज्या घराला बसते, त्याला वसुलीसाठी दुसरे दार उरलेले नाही, हे या निर्णयाने स्पष्ट झाले.

सध्याची पद्धत

२००८ च्या कायद्याने एजन्सीची जबाबदारी एका नव्या आयोगाकडे गेली आणि २०१२ मध्ये हा आयोगही विसर्जित होऊन काम कार्य व निवृत्तिवेतन खात्याकडे आले. डिसेंबर २०१२ मध्ये चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस ही सेवा सुरू झाली. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड तिच्या कक्षेत येतात. उत्तर आयर्लंडची व्यवस्था स्वतंत्र आहे.

या योजनेत पालकाने सांगितलेल्या उत्पन्नाऐवजी करखात्याकडील ढोबळ उत्पन्नाची नोंद वापरली जाते. आठवड्याला ८०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर मूळ दर एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६ टक्के आणि तिघांसाठी किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के असे ठरले. उदाहरणार्थ, आठवड्याला ५०० पौंड मिळवणाऱ्या पित्याला एका मुलासाठी ६० पौंड द्यावे लागतात. मूल वर्षातून ५२ ते १०३ रात्री त्याच्याकडे राहत असेल, तर सातवा हिस्सा कमी होऊन ही रक्कम ५१.४३ पौंड होते.

तरीही चुकीला वाव आहे. करखात्याची नोंद मागील वर्षाची असते. स्वयंरोजगारी व्यक्तीच्या बाबतीत ती त्याहूनही जुनी असू शकते. २०१२ च्या योजनेतील नियमानुसार चालू उत्पन्नात किमान २५ टक्के फरक पडल्याशिवाय मधल्या काळात आकारणी बदलत नाही. वरील उदाहरणातील पित्याचे उत्पन्न ५०० वरून ४०० पौंडांवर आले, तरी घट २० टक्क्यांचीच असल्याने त्याची पोटगी ६० पौंडच राहते. नव्या उत्पन्नावर ती ४८ पौंड झाली असती. उलट बाजूही आहे. स्वतःच्या कंपनीतून अल्प वेतन आणि मोठा लाभांश घेणाऱ्या पालकाचा लाभांश मूळ हिशेबात येत नाही. तो धरला जावा यासाठी दुसऱ्या पालकाला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. रात्रींच्या संख्येवरूनही वाद होतात, कारण तिची नोंद पालकांच्याच सांगण्यावर अवलंबून असते.

ऑगस्ट २०१४ पासून सेवेमार्फत वसुली करून घेतल्यास देणाऱ्याकडून पोटगीवर २० टक्के अधिक आणि घेणाऱ्याच्या रकमेतून ४ टक्के असे शुल्क लागू झाले. पालकांनी परस्पर पैसे द्यावेत, हा त्यामागील हेतू होता. परंतु परस्पर व्यवहारात पैसे चुकवणे आणि छळ करणे सोपे जाते, अशा तक्रारी वाढल्या. जून २०२५ मध्ये सरकारने ही परस्पर देण्याची पद्धत बंद करून सर्व रकमा सेवेमार्फतच पाठवण्याचा मनोदय जाहीर केला.

दाद मागण्याचा मार्ग

आकारणी चुकीची वाटल्यास पालकाला ३० दिवसांत फेरविचाराची मागणी करावी लागते. ऑक्टोबर २०१३ पासून ही पायरी सक्तीची आहे. त्यानंतरही समाधान न झाल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मात्र निर्णय लागेपर्यंत आधीची आकारणी चालू राहते. विलंब आणि वागणुकीबद्दलच्या तक्रारींसाठी १९९७ पासून स्वतंत्र परीक्षक आहे आणि त्यानंतर खासदारामार्फत संसदीय लोकपालांकडे जाता येते. वेतनपत्रके, बँकेचे उतारे आणि मूल कोणाकडे केव्हा राहिले याची तारीखवार नोंद हाच अशा प्रकरणांत पालकाचा खरा आधार असतो.

भारतात परतलेला पालक

पोटगी देणारा पालक ब्रिटनचा रहिवासी राहिला नाही, तर ही सेवा सामान्यतः आकारणी करू शकत नाही. ब्रिटिश सरकारी सेवेत, सैन्यदलांत किंवा ब्रिटनमधील कंपनीच्या वतीने परदेशी काम करणारे त्याला अपवाद आहेत. म्हणून पिता भारतात परतल्यास ब्रिटनमधील मातेला न्यायालयाचाच मार्ग धरावा लागतो. भारतात पोटगी न्यायालयच ठरवते. १ जुलै २०२४ पासून यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असा निर्णय दिला. सूत्र असो वा न्यायाधीश, उत्पन्नाची खरी माहिती हाच सर्वत्र कळीचा मुद्दा ठरतो.

थकबाकीचा शेवट

जुन्या एजन्सीची ३५० कोटी पौंडांहून अधिक थकबाकी अनेक वर्षे वह्यांत पडून होती. २०१८ मध्ये सरकारने तिच्यासंबंधी धोरण जाहीर केले. काही पालकांना पत्रे पाठवून वसुलीचा अखेरचा प्रयत्न हवा आहे काय, असे विचारण्यात आले आणि उरलेली बरीच रक्कम माफ झाली. नव्या सेवेचीही थकबाकी साठत असून मार्च २०२२ च्या लेखापरीक्षण अहवालात ती ४० कोटी पौंडांहून अधिक असल्याचे नमूद होते.

माफ झालेल्या रकमांत चुकीच्या आकारणीतून जन्मलेले आकडे होते, तसेच मुलांच्या हक्काचे खरे पैसेही होते. इतक्या वर्षांनी ते वेगळे करणे शक्य नव्हते. ज्या मुलांसाठी १९९३ मध्ये ही व्यवस्था उभी राहिली, ती तोवर प्रौढ झाली होती.