तेजोमेघाच्या छायाचित्राचे आजोळ

लॅटिन भाषेतील ‘नेब्युला’, ग्रीक भाषेतील ‘नेफेले’ आणि संस्कृतातील ‘नभस्’ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेली भावंडे होत, आणि धुके, बाष्प, मेघ हा अर्थ तिघांच्याही ठायी आरंभापासून आहे. आपल्याकडे तो विस्तार पावून अवघ्या आकाशाला लागू झाला, तर पश्चिमेकडील ज्योतिर्विदांच्या हाती तो आक्रसत जाऊन, मराठीत ज्यांना आपण तेजोमेघ म्हणतो त्या आकाशातील फिकट डागांपुरताच उरला. या डागांचे छायाचित्र मनुष्याने प्रथम केव्हा व कसे घेतले, याची कुळकथा लिहावी असे वाटण्यास एक प्रसंग कारण झाला.

गेल्या माघी अमावास्येला एका स्नेह्याने नवीन घेतलेली मोठी दुर्बीण पुण्याबाहेरच्या एका माळावर प्रथमच मांडली, तेव्हा मी सोबत होतो. तीन भिंगांची ती सुबक नळी त्याने एकट्याने उचलून आणली. परंतु जिच्यावर ती बसवायची ती बैठक, हौशी निरीक्षक जिला ‘माउंट’ म्हणतात ती, उतरवून घ्यायला दोघांचे हात लागले, आणि दुर्बिणीहून अधिक रक्कम आपण तिच्यासाठी मोजली आहे, हे त्याने कसलाही संकोच न बाळगता सांगितले. पुढचा तास त्याने तेजोमेघाकडे पाहिलेसुद्धा नाही. पुण्याहून क्षितिजाच्या जेमतेम साडेअठरा अंश वर दिसणाऱ्या ध्रुवाकडे त्या बैठकीचा अक्ष नेमका लागावा, एवढ्याच एका खटाटोपात तो गढून गेला होता.

कुळकथा सांगताना पित्याचे घराणे तपशिलाने सांगावे आणि आजोळ एका वाक्यात उरकावे, अशी आपली जुनी रीत आहे. तेजोमेघाच्या छायाचित्राचे पितृकुळ दुर्बिणीचे आणि काचेचे. ते सर्वांना ठाऊक आहे. त्याचे आजोळ मात्र या बैठकीचे, आणि तिकडचे ऋण अधिक असूनही त्याची नोंद क्वचितच होते.

छायाचित्र येण्यापूर्वी तेजोमेघाचा एकमेव दस्तऐवज म्हणजे निरीक्षकाने दुर्बिणीशी बसून हाताने काढलेले चित्र. मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनाही अस्पष्ट दिसतो, आणि ज्याला ज्योतिर्विद मेसियेच्या यादीत 42 वा क्रमांक आहे, त्याची चित्रे जॉन हर्शेलने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, लॉर्ड रॉसच्या निरीक्षकांनी आयर्लंडातील बर येथे आणि जॉर्ज बाँडने हार्वर्ड येथे अपार परिश्रमाने काढली. परंतु ती शेजारी शेजारी ठेवली असता जुळत ना. तेजोमेघच पालटला, की पाहणाऱ्याचा डोळा आणि काढणाऱ्याचा हात निराळा, याचा निवाडा कोणी करावा? साक्षीदार सारे प्रामाणिक होते, पण त्यांच्या जबान्यांत मेळ नव्हता, आणि ज्याला स्वतःचे मत नाही असा साक्षीदार अद्याप दरबारात यायचा होता.

तो आला छायाचित्राच्या काचेच्या रूपाने. 1840 च्या सुमारास न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर याने चंद्राचे छायाचित्र घेतले. पण चंद्र हा तेजाचा श्रीमंत, आणि तेजोमेघ परम दरिद्री. त्याचा प्रकाश थेंबाथेंबाने साठवायचा तर काच दीर्घकाळ उघडी राहिली पाहिजे, आणि पुढे प्रचारात आलेली कोलोडियनची ओली काच ओली असेपर्यंतच कामाची, म्हणजे काही मिनिटांचीच सोबतीण होती. 1871 साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली, पुढील काही वर्षांत इतरांनी तिची संवेदनक्षमता वाढवली, आणि काच तासन्‌तास उघडी ठेवण्याची मुभा मिळाली.

मुभा मिळाली खरी, पण आकाश थांबत नव्हते. पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्ताजवळचा तारा दर मिनिटाला पाव अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या अर्ध्या रुंदीइतका सरकतो. तासाभरात तो तीसएक चंद्रांइतकी वाट चालून जातो, आणि स्थिर दुर्बिणीतील काचेवर त्याची केवळ एक रेघ उमटते. आजोळचे माणूस मदतीस धावून येते ते येथे.

बव्हेरियाचा भिंगकार योसेफ फ्राउनहोफर याने दोर्पात येथील, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथील वेधशाळेसाठी 1824 साली जी दुर्बीण पुरी केली, तिचे सुमारे 24 सेंटिमीटरचे भिंग त्या काळी अपूर्व होते; पण माझ्या मते तिची बैठक भिंगाहूनही अपूर्व होती. तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवलेला, दुसरा त्याच्याशी काटकोनात. एका बाजूस नळी आणि दुसऱ्या बाजूस तिला तोलून धरणारे वजन. आणि खाली वजनावर चालणारे घड्याळयंत्र, जे पृथ्वी फिरते त्याच गतीने पण उलट दिशेने त्या पहिल्या अक्षाला फिरवी. दोन अक्षांची कसरत एका अक्षाच्या संथ परिवलनावर आणून ठेवणारी ही तजवीज आज ‘जर्मन बैठक’ या नावाने ओळखली जाते.

चंद्राचे छायाचित्र घेणाऱ्या ड्रेपरचा पुत्र हेन्री हा व्यवसायाने वैद्य. 1857 साली, विशीत असताना, त्याने बर येथे जाऊन लॉर्ड रॉसची 72 इंची प्रचंड दुर्बीण पाहिली आणि परत येऊन हडसन नदीकाठच्या हेस्टिंग्ज येथे, पित्याच्या मालकीच्या जागेत, स्वतःची वेधशाळा उभारली. आरसे घासून घडवणे आणि घड्याळयंत्राची चाल सुधारणे ही त्याची अनेक वर्षांची साधना होती. पत्नी मेरी अ‍ॅना या साधनेत त्याच्या बरोबरीने सहभागी असे, आणि काचांवर ओला लेप चढवण्याचे नाजूक काम ती स्वतः करी. 1879 मध्ये इंग्लंडात ज्योतिर्विद विल्यम हगिन्सच्या भेटीत कोरड्या काचेचे महत्त्व हेन्रीला पटले. आणि 30 सप्टेंबर 1880 रोजी, मृग मध्यरात्रीच्या सुमारास उगवते अशा त्या दिवसांत, भिंगकार क्लार्क यांच्या 11 इंची भिंगाच्या दुर्बिणीमागे त्याने 51 मिनिटे काच उघडी ठेवली. तेवढ्या अवधीत मृगातील तो तेजोमेघ सुमारे पंचवीस पूर्णचंद्रांइतका पश्चिमेस सरकला असेल. काचेवर मात्र तो होता त्या जागीच राहिला. उमटला तो केवळ त्याचा मधला उजळ भाग, पण तेजोमेघाचे ते पहिले छायाचित्र होते. 14 मार्च 1882 रोजी त्याने ही मुदत 137 मिनिटांपर्यंत नेली, आणि भोवतालची फिकट अंगेही काचेवर आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या 45 व्या वर्षी, तो निवर्तला. मेरी अ‍ॅनाने पुढे हार्वर्ड वेधशाळेला जे द्रव्य दिले, त्यातून ताऱ्यांच्या वर्णपटांची ती थोर सूची सिद्ध झाली, जी आजही हेन्री ड्रेपरच्या नावाने चालते.

लंडनजवळच्या ईलिंग येथे अ‍ॅन्ड्र्यू एन्स्ली कॉमन या अभियंत्याने आपल्या बागेत 36 इंची आरशाची दुर्बीण बसवली होती. एवढे ओझे घर्षणाविना फिरावे कसे, हा प्रश्न त्याने मुख्य अक्ष पाऱ्यावर तरंगता ठेवून सोडवला, आणि 1883 च्या जानेवारीत मृगातील तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले, की डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे त्यात दिसू लागले. पुढील वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. हीच दुर्बीण पुढे क्रॉसली या गृहस्थांकडे आणि 1895 साली त्यांच्या देणगीने कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत गेली. तेथे आरसा तोच चालला. पण इंग्लंडच्या अक्षांशासाठी बेतलेल्या बैठकीला नव्या अक्षांशाशी जुळवून घ्यावे लागले. नळी कोणत्याही मुलखात तीच राहते. बैठकीला मात्र जेथे जाईल तेथल्या भूमीचा अंश अंगी बाणवावा लागतो.

1888 पर्यंत तर काच ही डोळ्याची मदतनीस न राहता त्याची गुरू झाली. त्या वर्षी आयझॅक रॉबर्ट्सच्या छायाचित्रात देवयानीतील तेजोमेघाची, म्हणजे पुढे जी दीर्घिका ठरली तिची, सर्पिल रचना प्रकट झाली. आणि हार्वर्ड येथील त्याच वर्षीच्या एका काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना मृगाच्या बाणातील टोकाच्या ताऱ्याजवळ एक काळी खाच दिसली. तोच आजचा अश्वमुख तेजोमेघ.

त्याच सुमारास या वंशाची एक शाखा आपल्या दारी आली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीला सरकारी मदतीची जोड मिळून पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली, आणि डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली दुर्बीण प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या स्वाधीन झाली. तेजोमेघ हा तप्त वायू असल्याचे हगिन्सने 1864 साली वर्णपटावरून दाखवले होते. पण त्यातील मुख्य हिरवी रेषा कोणत्या द्रव्याची, हा वाद चालू होता, आणि नॉर्मन लॉकियरसारखा मातब्बर संशोधक ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड मानीत होता. नायगमवालांनी पुण्याहून मृगातील तेजोमेघाचा वेध घेऊन ती रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव असल्याचे 1891 मध्ये नोंदवले, आणि ही साक्ष लॉकियरच्या मताविरुद्ध गेली. ही वेधशाळा 1912 साली बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याच्या दप्तरातील ही नोंद आपण अधिक अभिमानाने जपायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. ती रेषा द्विआयनित ऑक्सिजनची असल्याचे 1927 साली आयरा बोवेनने सिद्ध केले. आणि आज हौशी छायाचित्रकार 500.7 नॅनोमीटरच्या ज्या गाळणीतून तेजोमेघाचा निळसर-हिरवा प्रकाश टिपतात, ती नेमकी याच रेषेसाठी बनवलेली असते.

काच आता राहिली नाही. बेल प्रयोगशाळेत 1969 साली बॉइल आणि स्मिथ यांनी शोधलेल्या सीसीडी या प्रकाशसंवेदी चिपने तिची जागा घेतली, आणि प्रकाश आता संगणकात साठतो. मिनिटा-मिनिटांची शेकडो चित्रे एकावर एक रचून रात्रीची कमाई एकत्र करता येते. घड्याळयंत्राच्या जागी विद्युत मोटर आली. अक्ष फिरवणाऱ्या वर्म गिअरच्या दात्यांतील सूक्ष्म दोष, अक्षाची स्थिती मोजणारा अचूक एन्कोडर क्षणोक्षणी हेरून दुरुस्त करतो. आणि एक लहान कॅमेरा एका ताऱ्यावर पहारा ठेवून बैठकीला सतत सूचना देतो. ड्रेपर आणि कॉमन यांनी जी जागरणे स्वतः केली, ती आता या यंत्राने पत्करली आहेत. उत्तम बैठकीला एवढे मोल पडते ते यासाठी: दहा किलोंचे ओझे वाहत असताना अंशाच्या काही हजारांशांहूनही कमी चूक तिला क्षम्य असते.

त्या रात्री मृग मध्यमंडल ओलांडू लागले, तेव्हा काम मध्येच थांबले. नळी आणि वजन यांनी आपापल्या बाजू बदलल्या, आणि बैठक पुन्हा तेजोमेघाच्या मागे चालू लागली. फ्राउनहोफरच्या रचनेचा हा जन्मजात स्वभाव आहे. दोनशे वर्षांत यंत्राचे सारे अवयव पालटले, तरी आजोळचे हे वळण गेलेले नाही.

आपल्याकडे श्रावणाचे जुने नाव नभस्. त्या महिन्यात नभ पुन्हा आपल्या मूळ अर्थाला जाते आणि चारी दिशांना मेघच मेघ भरून राहतात. माझा स्नेही तेव्हा नळीची भिंगे बुरशीपासून जपण्यासाठी कोरड्या पेटीत बंद करून ठेवतो. बैठक मात्र तो घरात उत्तरेच्या भिंतीशी उभीच ठेवतो, अक्ष साडेअठरा अंशांवर तसाच कायम ठेवून. आणि भिंतीपलीकडे, पावसापलीकडे ध्रुव जेथे असेल तेथे तो अक्ष रोखलेला असतो.