परभाषा-अध्यापन, डिजिटल माध्यमे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने 1960 मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापन प्रणाली सुरू केली. पुढे तिच्यावर परकीय भाषांचे पाठही तयार झाले. पिट्सबर्ग येथे 2011 मध्ये स्थापन झालेल्या ‘डुओलिंगो’ने भाषाशिक्षण मोबाइलवर आणले. मार्च 2023 मध्ये या कंपनीने संभाषणाचा सराव घेणारी आणि चुकांची कारणे सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सशुल्क सेवा आणली. तिचा आरंभ स्पॅनिश आणि फ्रेंच या भाषांपासून झाला.

हा अनुक्रम अपघाती नाही. यंत्र उपलब्ध मजकूर आणि ध्वनिमुद्रणे यांवरून भाषा शिकते. भारताच्या 2011 च्या जनगणनेनुसार मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. परंतु तिचे डिजिटल साहित्य त्या मानाने तोकडे आहे. म्हणूनच शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोश प्रकल्पाचे मोल मोठे आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशाची 1857 ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांचा विद्यार्थ्यांसाठीचा मराठी-इंग्रजी कोश तेथे विनामूल्य पाहता येतात.

अमेरिकेत वाढणाऱ्या अनेक मराठी मुलांसाठी मराठी ही जवळजवळ परभाषाच असते. सुटीच्या दिवशी स्वयंसेवक चालवीत असलेल्या मराठी शाळांतील आठवड्याचे एक-दोन तास अपुरे पडतात. उरलेल्या दिवसांत कृत्रिम बुद्धिमत्ता न कंटाळता सराव घेऊ शकते. चुकल्यास कोणी हसेल, ही भीतीही तेथे नसते.

मात्र काही गोष्टी माणसांच्या सहवासातच पक्क्या होतात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ लिहिताना एकच, पण उच्चारात भिन्न आहे. तो भेद कानानेच कळतो. इंग्रजीतील ‘वी’ला मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन पर्याय आहेत. जेवणाच्या वेळी नातवाने आजीला ‘आम्ही जेवू या’ म्हटले, तर वाक्याचा अर्थ समजेल. परंतु ‘आम्ही’त आजी नसते, ‘आपण’मध्ये असते. शब्दांची निवड यंत्र सुचवू शकेल. त्या निवडीमागचे नाते मुलाला घरातच उमगते. तंत्रज्ञानाने शिक्षकाचा आणि घराचा भार हलका करावा. त्यांची जागा घेऊ नये.