हमीदाबानूची जोड

२०२५ च्या जुलैतली गोष्ट. नात मोबाइलवर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली मुष्टियुद्धाची लढत बघत होती. आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्तो रिकोची अमांडा सेरानो, दोघींची तिसरी गाठ. मधेच तिने विचारलं, "आजी, 'अनडिस्प्युटेड'ला मराठीत काय म्हणायचं गं?" मी पडले मास्तरीण. म्हटलं, "निर्विवाद."

मग तिनेच मला शिकवलं. व्यावसायिक मुष्टियुद्धात मोठ्या संघटना चार, प्रत्येकीचा पट्टा वेगळा. एका वजनगटातले चारही पट्टे एकीकडे आले की ती निर्विवाद विजेती. बायकांमध्ये चार पट्ट्यांचा हा मान पहिल्यांदा मिळवला नॉर्वेच्या सेसिलिया ब्रेकहुसने, सप्टेंबर २०१४ मध्ये. तोही कोपनहेगनला, म्हणजे परक्या देशात, कारण नॉर्वेत तेव्हा १९८१ पासून व्यावसायिक मुष्टियुद्धालाच बंदी होती. मायदेशी व्यावसायिक लढत खेळायला तिला २०१६ उजाडलं!

हे ऐकताना मला हमीदाबानू आठवली. खरं तर 'आठवली' म्हणायचा मला अधिकार नाही. इतकी वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण हे नाव कानावर आलं ते ४ मे २०२४ ला, गूगलने तिचं चित्र लावलं तेव्हा.

हमीदाबानू मूळची मिर्झापूरची. अलिगढच्या सलाम पहिलवानांकडे तयार झालेली. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर केलं, मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन. मे महिन्यात बडोद्याला (तेव्हा ते आपल्याच मुंबई राज्यात होतं) तिची छोट्या गामाशी कुस्ती ठरली. पण बाईशी लढणार नाही म्हणून गामा ऐन वेळी मागे फिरला. त्याच्या जागी बाबा पहिलवान उतरला, तो १ मिनिट ३४ सेकंदांत चीतपट. त्याच वर्षी मुंबईत तिने रशियाच्या वेरा चिस्तिलिनला एका मिनिटाच्या आत लोळवलं.

आणि आपला महाराष्ट्र? पुण्यात रामचंद्र साळुंखेंशी ठरलेली कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. कोल्हापुरात, जिथे शाहू महाराजांनी पहिलवानांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, त्या गावात तिने एका पंजाबी मल्लाला हरवलं, तर लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना यावं लागलं.

पुढे अशा कुस्त्यांवर बंदी आली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली. त्यांचं उत्तर असं, की बंदी ती बाई आहे म्हणून नाही, आयोजक तिच्यासमोर खोटे पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. म्हणजे नुरा कुस्ती. शंका अगदीच निराधार असेल असं मी म्हणणार नाही. तिकीट लावून खेळ करणारे आयोजक कुठलेही असोत, त्यांचा काय भरवसा? तिच्या ३२० विजयांचा आकडाही तिचाच. पण मला एक विचारायचंय. ती हरली असती, तर कुणी नुरा म्हटलं असतं का?

कुस्तीत 'जोड' लागते. जोडच मिळाली नाही तर पहिलवान कितीही मोठा असो, त्याचं मोठेपण सिद्ध कशावर व्हायचं? टेलरला सेरानो मिळाली, तीनदा मिळाली, आणि गुण लिहून ठेवणारे पंच मिळाले. हमीदाबानूच्या वाट्याला आले ते माघार घेणारे पुरुष, पडलेच तर लुटुपुटुचे ठरणारे पुरुष, आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती.

लिहिता लिहिता एक कबुली देऊन टाकते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, आमच्या याच शहरात (तेव्हाचं औरंगाबाद), सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत मुलांना धरून आपटायची. मजेत, भांडण म्हणून नव्हे. मुलंही पुन्हा पुन्हा तिच्याशी खेळायला यायची. मी तिला वर्गासमोर उभं करून म्हटलं, "हे मुलींना शोभत नाही." ती पुन्हा खेळली नाही. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिला ते आठवत नसावं, अशी आशा करते.

आता नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये युवा मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. दोघींना जोडही मिळाली, नोंदही झाली. असो.

हमीदाबानूला युरोपात जाऊन लढायचं होतं. ते सलाम पहिलवानांना मान्य नव्हतं, त्यांनी मारहाण करून तिचे हात मोडले, असं तिच्या घरचे सांगतात. ती कल्याणला राहिली. दूध विकलं, खोल्या भाड्याने दिल्या, पैसे संपले तेव्हा रस्त्याच्या कडेला घरचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये गेली. हे सांगितल्यावर नात म्हणाली, "कल्याणला? म्हणजे आपल्या आत्याच्या गावात?"

हो गं, तिथेच.