"ऑर्डर आहे, दादा": हवालदाराने नाही म्हणायचं की नाही?

परवा मोहन्यात बंदोबस्तावर असलेल्या एका हवालदार साहेबांशी चहा घेता घेता गप्पा झाल्या. आपल्याकडे खाकी वर्दी नवीन नाही. एनआरसी २००९ साली बंद पडली, तेव्हापासून थकलेल्या पैशांसाठी कामगार बसले की समोर पोलीस उभे. बऱ्याचदा दोन्हीकडची माणसं एकाच परिस्थितीतली.

मी विचारलं, "साहेब, आदेशच बेकायदा असेल तर?" ते हसले. "दादा, आमची नोकरी ऑर्डरवर चालते. नाही म्हटलं की बदली."

खोटं नाही ते. पण इतिहास काय सांगतो, तेही बघा.

२३ एप्रिल १९३०, पेशावर, किस्सा ख्वानी बाजार. निःशस्त्र जमावावर गोळी झाडायचा हुकूम झाला. गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या जवानांनी तो मानला नाही. तेही हवालदारच होते. कोर्टमार्शल झालं, जन्मठेप झाली, १९४१ पर्यंत तुरुंगात राहिले. ते राज्य इंग्रजांचं होतं, नकाराला कायद्याचा आधार नव्हता.

आज आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ६४ वाचा. वरिष्ठांचे आदेश पाळायचे, पण कोणते? कायदेशीर. तो एक शब्द फार महत्त्वाचा आहे.

आता जवळचं उदाहरण. नोव्हेंबर २००६ मध्ये वाशीतून उचललेला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया त्याच दिवशी वर्सोव्यात 'एन्काउंटर'मध्ये मेला. आरोपी पोलिसांच्या जामिनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०११ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं : वरिष्ठाने किंवा पुढाऱ्याने सांगितलं म्हणून खोटी चकमक माफ होत नाही. असा आदेश नाकारणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे. न्यूरेंबर्गचा दाखला दिला, तिथे नाझींनीही "हुकूम होता" हेच म्हटलं होतं.

२०१३ साली सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यात १३ पोलीस. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने १२ पोलिसांची जन्मठेप कायम केली आणि आधी सुटलेले प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप सुनावली. त्यावर अपील झालंय. पण बघा, शिक्षेच्या यादीत शिपाई पातळीची माणसंही आहेत.

दुसरं, पालघर, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. नोव्हेंबर २०१२, फेसबुकवर बंदबद्दल लिहिलं म्हणून दोन मुलींना अटक. बाहेर जमाव संतापलेला होता. पुढे चौकशी होऊन दोन पोलीस अधिकारीच निलंबित झाले. आणि ज्या कलमाखाली अटक झाली ते ६६अ, २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. जमावाचा दबाव दोन दिवसांत ओसरतो, सर्व्हिस बुकातली नोंद मात्र राहते.

याचा अर्थ प्रत्येक न आवडलेल्या आदेशाला नाही म्हणा, असा नाही. शिस्त मोडली तर आपल्यालाच त्रास. पण तोंडी आदेश संशयास्पद वाटला, तर "साहेब, लेखी द्या" एवढं विचारता येतं. स्टेशन डायरीत नोंद करता येते. चुकीचा आदेश देणाऱ्याला कागद नको असतो.

हे सगळं हवालदार साहेबांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लेखी मागितलं तर मागे कोण उभं राहील?"

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आपण द्यायचंय. आपण पोलिसाला शिव्या घालतो, पण कायद्याने वागणाऱ्या पोलिसाची बदली झाली तर आपल्यातले किती जण बोलतात?

तुमच्या ओळखीत कोणी पोलिसात असेल तर भांडू नका. चहा पाजा आणि बोला.