उंदीर पडला की घर सोडा

शिक्षण, बुद्धी आणि जाणते मत ही तिन्ही भावंडे एकाच घरात नांदतात, असे आपण धरून चालतो. ‘एवढा शिकलेला माणूस सांगतो आहे,’ असे म्हटले की वाद मिटतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. तेव्हा शिक्षणाला नावे ठेवणे मला शोभणार नाही. शिवाय पोट त्याच्यावरच चालते! परंतु फावल्या वेळी जुना इतिहास वाचताना ही भावंडे मला निरनिराळ्या बिऱ्हाडांत राहताना दिसली. सर्वांत ठळक दिसली ती आपल्या मुंबईच्या प्लेगात.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते, पण मत मात्र होते! रोग घाणीत आहे, ओलीत आहे, कोंदट खोलीत आहे, जमिनीत आहे, असे विलायतेत शिकून आलेल्या अधिकाऱ्यांचे मत. लागलीच गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडण्यात आले, भिंतींना चुना फासला गेला, ऊन यावे म्हणून छपरांवरची कौले उतरवली गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचा कायदा झाला आणि या मताच्या हाती दंडुकाही आला.

याच वेळी आपल्याकडची खेडवळ माणसे काय करीत होती? घरात उंदीर पटापट मरून पडू लागले की ती भांडीकुंडी उचलून रानात जात आणि झोपड्या घालून राहत. ‘उंदीर पडला की घर सोडा,’ एवढेच त्यांचे शास्त्र. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण आधी उंदीर मरतो आणि मग माणूस, हा क्रम त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. याला मी बुद्धी म्हणतो.

मात्र, वाचकहो, येथे टाळ्या वाजवून थांबू नका. याच अशिक्षित बुद्धीने इस्पितळाविषयी भलभलते ग्रह करून घेतले होते. तेथे नेतात ते मारायलाच, अशी अफवा उठली आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. उंदीर त्यांनी पाहिला होता; इस्पितळाच्या आत काय चालते ते पाहिले नव्हते. जे पाहिले तेथे बुद्धी शहाणी ठरली, जे ऐकले तेथे फसली. माणसे रेल्वेने मुंबई सोडून पळाली आणि रोगही उपनगरांत येऊन पोहोचला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून हिंडताना कोपऱ्याकोपऱ्यांवर जे क्रूस लागतात, त्यांतले कित्येक प्लेगच्या वर्षांत त्या वस्त्यांनी आपली माणसे वाचावीत म्हणून उभारलेले आहेत.

आता तिसरे भावंड, जाणते मत. १८९८ साली पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून सांगितले, की मेलेले उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. त्याला मान्यता मिळाली का? छे! सरकारी प्लेग कमिशनने त्याचे म्हणणे मोडीतच काढले. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, हा प्रश्न नव्याने हाती घेतला गेला. पद्धत अगदी साधी. पिसवांनी भरलेल्या खोलीत गिनीपिग नावाचे छोटे प्राणी ठेवले. काही जमिनीवर मोकळे, काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यांत. हवा एक, खोली एक. जमिनीवरच्यांना आणि दोन इंचांवरच्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे वाचले. पिसू तेवढी उंच उडू शकत नव्हती! हवेवरचा आणि कोंदटपणावरचा आळ गेला. उंदीर मरून गार पडला की पिसू नवे ऊबदार अंग शोधते, हे उमगले. खेडवळाची पळापळ बरोबर का होती, याचे उत्तर मिळाले.

पण मधली वर्षे गेली ती गेलीच. वीस-बावीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने मेली. सीमाँचे ऐकले असते तर सगळी वाचली असती असे मी म्हणणार नाही. परंतु गटारात कार्बोलिक ओतण्याऐवजी मेलेल्या उंदराकडे लक्ष गेले असते, तर कित्येक घरांतले दिवे विझले नसते, हे खास.

हे जुने पुराण सणासुदीला कशाला, असे कोणी म्हणेल. तर २०२० साली करोनाच्या दिवसांत आपल्या अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांतली पदवीधर मंडळीच काढ्याचे आणि वाफाऱ्याचे हमखास इलाज मोबाइलवरून एकमेकांना धाडीत होती, म्हणून!

शिक्षणाने माणसाला बोलण्याचे बळ येते. बुद्धीने त्याला दिसते. पण जाणते मत व्हायला तिसरीच गोष्ट लागते: आपले मत खोटे ठरू शकेल, अशा कसोटीला ते आपण होऊन लावण्याची तयारी. ती पदवीबरोबर मिळत नाही आणि निरक्षराला नाकारलेलीही नाही. म्हणून वर्गात मी मुलांना एक सवय लावू पाहतो. कोणी कितीही ठासून सांगो, नम्रपणे विचारावे: ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ मास्तरांनाही विचारावे. दिवाळीला पाहुणे जमतील, फराळाबरोबर मतेही वाढली जातील. तेव्हा हा प्रश्न ताटात चिमूटभर मिठासारखा असू द्यावा. आणि आधी आपल्याच मताला तो लावून पाहावा.